एकाच घरातले आले: सुनेला मनाई, सासऱ्यांना पेलाभर

पत्र

"मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहते. मला अडीच महिने झाले आहेत. सकाळी उठल्यापासून मळमळते आणि फोडणीचा वास आला की ओकारी येते. माझी आई अशा वेळी अद्रकाचे पाणी देते, पण माझ्या सासूबाई म्हणतात की अद्रक गरम असते, पोटातल्या लेकराला बाधते. त्यामुळे चहातलेही बंद केले आहे. माझ्या सासऱ्यांना मागच्या दिवाळीनंतर हृदयविकाराचा झटका आला आणि नागपूरला नेऊन स्टेंट बसवला. त्यांना कोणीतरी मोबाईलवर संदेश पाठवला की अद्रक, लसूण, लिंबू आणि व्हिनेगर यांचा काढा घेतला की हृदयाच्या नसा मोकळ्या होतात. दोन महिन्यांपासून ते रोज सकाळी पेलाभर काढा घेतात. आठवड्याला अर्धा किलो अद्रक त्यालाच लागते. आठ दिवसांपासून त्यांनी दोन गोळ्यांपैकी एक बंद केली आहे. काढा असताना गोळी कशाला, असे ते म्हणतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या सुंठीचा लेप लावतात. माझ्या चार वर्षांच्या मुलाला खोकला झाला की त्याला अद्रकाचा रस आणि मध चाटवतो, आणि नणंदेच्या सात महिन्यांच्या बाळालाही तेच देतात. अद्रकाचे खरे फायदे कोणते आणि ते कोणी किती घ्यावे, हे कृपया सांगावे."

उत्तर

प्रिय भगिनी,

तुम्ही आल्याबद्दल विचारले आहे आणि त्याविषयी मी सविस्तर लिहिणारच आहे. परंतु तुमच्या पत्रात मध्येच, जाता जाता, एक वाक्य आले आहे, आणि ते वाचून मला बाकी सगळे बाजूला ठेवावे लागले. तुमच्या सासऱ्यांनी आठ दिवसांपासून एक गोळी बंद केली आहे. हा मजकूर वाचून होताच तुमच्या यजमानांना सांगा की, नागपूरच्या दवाखान्यातून मिळालेले सुटीचे कार्ड काढून त्यावरील क्रमांकावर आजच फोन करावा, कोणती गोळी किती दिवसांपासून बंद आहे ते स्पष्ट सांगावे आणि ती पुन्हा कशी सुरू करायची ते विचारून घ्यावे. चुकलेल्या आठ दिवसांच्या गोळ्या एकदम देऊ नयेत. फोन लागला नाही, तर गोळ्यांच्या पट्ट्या आणि कार्ड घेऊन त्यांना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. या दरम्यान छातीत दाटून आल्यासारखे झाले, हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम सुटला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

एवढी घाई कशासाठी, हे तुम्हाला नीट कळले तर तुम्ही घरात ते समजावून सांगू शकाल. स्टेंट ही तारेची बारीक जाळी असते. आक्रसलेली रक्तवाहिनी फुगवून उघडतात आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून ही जाळी आत बसवतात. जाळी शरीराला परकी असते. तिच्यावर पेशींचा पातळ थर चढेपर्यंत रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, तिला चिकटून तिथे गुठळी करू पाहतात, आणि ती गुठळी झाली की उघडलेली वाहिनी काही मिनिटांत पूर्ण बंद होऊ शकते. या बिंबिका एकमेकींना चिकटू नयेत म्हणूनच ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तशीच दुसरी गोळी दिलेली असते. झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल तर ही जोडी साधारणपणे वर्षभर चालू ठेवतात. तुमच्या सासऱ्यांचे अजून वर्ष भरलेले नाही. पुढे दोनपैकी एक गोळी कमी करतातही, पण ती कधी कमी करायची हे डॉक्टर रुग्णाकडे पाहून ठरवतात.

आता त्या काढ्याविषयी. संदेश लिहिणाऱ्याने रक्तवाहिनीची कल्पना विहिरीच्या पाइपासारखी केलेली दिसते, म्हणजे आत क्षार साचला की आंबट पाणी सोडायचे आणि तो सुटून वाहून जाईल. शरीरात तसे होत नाही. हृदयाच्या वाहिनीतला अडथळा भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावर साचलेला नसतो, तो भिंतीच्या जाडीत असतो. त्यात चरबी असते, चुन्यासारखा कॅल्शियम असतो, तंतू असतात, आणि वरून अस्तर असते. काढा जातो पोटात. तिथे त्याचे पचन होते आणि त्यातला आंबटपणा रक्तापर्यंत आंबटपणा म्हणून पोचतच नाही. आले, लसूण, लिंबू आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणाने माणसाच्या हृदयातला अडथळा विरघळला, असा एकही पुरावा नाही. या संदेशाच्या भरवशावर गोळ्या सोडून पुन्हा झटका घेऊन आलेली माणसे मी दवाखान्यात पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरचे लोक काढ्याची बाटली सोबत घेऊन आले होते, कारण त्यांना खरोखर वाटत होते की डॉक्टरांनाही ती दाखवावी.

काढ्याने फायदा होत नाही, एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे एका माणसाच्या पोटात रोज सुमारे ७० ग्रॅम ओले आले. पाच माणसांच्या भाजीला आणि चहाला मिळून दिवसभरात १५–२० ग्रॅम पुरते. ओल्या आल्यात पाचपैकी चार भाग पाणी असते, म्हणून हे ७० ग्रॅम म्हणजे जवळजवळ १४ ग्रॅम सुंठ झाली, आणि मोठ्या माणसाने दिवसाला ४ ग्रॅमच्या पुढे सुंठ घेऊ नये असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. जास्त प्रमाणात आले घेतले तर छातीत आणि पोटात जळजळ होते. ॲस्पिरिननेही पोटाच्या अस्तराला त्रास होतो, आणि त्यात व्हिनेगर व लिंबू रिकाम्या पोटी घेतल्याने भर पडते. शिवाय बिंबिकांचे चिकटणे कमी करण्याचा थोडाफार गुण आल्यातही आहे. माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष याबाबत एकसारखे नाहीत, तरीही जो माणूस त्याच कामाच्या दोन गोळ्या घेतो, त्याने त्यावर पेलाभर आल्याचा काढा घेणे म्हणजे रक्तस्रावाला वाट करून देणे आहे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की हे अधिकच लक्षात ठेवावे लागेल. डांबरासारखी काळी शौचाला होणे, दात घासताना हिरड्यांतून रक्त येणे, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग पडणे, यांतले काही त्यांना झाले आहे का ते विचारा, आणि झाले असेल तर डॉक्टरांना त्याच फोनवर सांगा.

आपल्या जुन्या वैद्यांनाही ही मर्यादा ठाऊक होती. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या भावप्रकाशात आल्याची स्तुती आहे, जेवणाआधी मिठाबरोबर आले खाणे हितकर म्हटले आहे, पण त्याच ठिकाणी आले कोणाला चालत नाही तेही सांगितले आहे. रक्तपित्त, म्हणजे शरीरातून रक्त जाण्याचा विकार, अंगाचा दाह, ताप, जखमा, आणि ग्रीष्म व शरद हे ऋतू त्यात येतात. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा घरातल्या बाया आपणहून आले कमी करतात, तेव्हा त्या हेच पाळत असतात.

सासऱ्यांशी कसे बोलायचे, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न असेल. सुनेने सासऱ्यांना "काढा सोडा" म्हणणे सोपे नाही, आणि तसे म्हटल्याने ते सोडतील असेही नाही. झटका येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा आपल्या हातात काही असावे असे वाटते. गोळी दुसऱ्याने लिहून दिलेली असते, काढा मात्र तो स्वतः ठेचतो, उकळतो आणि पितो. म्हणून त्यांच्या हातातला पेला एकदम काढून घेऊ नका. काढ्यातले लिंबू-व्हिनेगर बंद करून, करंगळीच्या पेराएवढे आले एका कप पाण्यात उकळून जेवणानंतर घ्यायला हरकत नाही, एवढे डॉक्टरांना विचारून त्यांच्याच तोंडून त्यांना ऐकवा. स्वयंपाकातले आले चालते, त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या यजमानांनी हळूच विचारून पाहावी. गोळी खरोखर काढ्यावरच्या विश्वासाने बंद झाली आहे की पैशापायी? दर महिन्याला औषधाचा खर्च मुलावर पडतो, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, खत घालायचे दिवस आहेत, म्हणून एक गोळी वाचवावी, असा विचार करणारी वडीलधारी माणसे आपल्या गावांत घरोघर आहेत आणि ती तसे बोलून दाखवत नाहीत. तसे असेल तर जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि सरकारी रुग्णालयात यांपैकी कोणत्या मोफत मिळतात याची चौकशी करता येते.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या घरात आल्याची वाटणी उलटी झाली आहे. ज्यांनी ते बेताने घ्यायचे त्यांना पेलाभर मिळते आहे, आणि जिला त्याचा खरोखर उपयोग आहे तिच्या चहातूनही ते काढून घेतले आहे. आल्याच्या ज्या ज्या गुणांचा आधुनिक वैद्यकाने कसून तपास केला, त्यांत सर्वांत भक्कम आधार कशाला मिळाला असेल, तर गरोदरपणातल्या मळमळीला. अनेक चाचण्यांत गर्भवतींना दिवसाला सुमारे १ ग्रॅम सुंठ, तीन-चार वेळा विभागून, देऊन पाहिली गेली आणि मळमळ कमी झाल्याचे दिसले. उलट्यांची संख्या मात्र तेवढ्या खात्रीने कमी होत नाही, हेही सांगायला हवे. बाळाला बाधते का, याचाही शोध घेतला गेला आहे. नॉर्वेमध्ये ६८ हजारांहून अधिक गर्भवतींच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या हजाराहून थोड्या अधिक स्त्रियांनी गरोदरपणात आले घेतले होते, आणि त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

सासूबाईंना हे सांगताना त्या चुकल्या, असे सांगू नका. गरम पदार्थ पोटुशीला जपून द्यावेत ही त्यांची काळजी आहे आणि ती तुमच्यासाठीच आहे. त्यांना एवढेच विचारा की, बाळंतपणानंतर सव्वा महिना सुंठ-डिंकाचे लाडू त्याच करून घालणार आहेत ना? सुंठ म्हणजे वाळवलेले आलेच, आणि वाळल्यावर ते अधिक तिखट होते. ओल्या आल्यात जिंजेरॉल नावाचा तिखट घटक असतो, वाळवताना त्याचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो, आणि तो जिभेला जास्त झोंबतो. शिजवल्यावर यातल्याच काही भागाचे जिंजेरोन होते, ते सौम्य आणि गोडसर असते. म्हणून तुम्ही आता घ्यायचे ते उकळलेले आले हे बाळंतिणीच्या सुंठीपेक्षा पुष्कळ सौम्य आहे. हे घटक आतड्यातल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या त्या मार्गावर काम करतात जिथून मळमळीचा निरोप मेंदूकडे जातो, आणि पोटातले अन्न पुढे सरकायलाही मदत करतात. जड जेवणानंतर आल्या-लिंबाचे पाचक घेतल्यावर पोट हलके का वाटते, त्याचे कारण यात आहे.

कसे घ्यायचे ते सांगते. सकाळी उठताच अंथरुणातच बसून मूठभर मुरमुरे किंवा ज्वारीच्या लाह्या कोरड्या चावून खा आणि दहा-पंधरा मिनिटे तशाच बसून राहा, कारण रिकामे पोट मळमळ वाढवते. मग करंगळीच्या पेराएवढा ओल्या आल्याचा तुकडा घ्या. साल चमच्याच्या कडेने खरवडून काढा, सुरीने सोलले तर सालीबरोबर गरही जातो. तुकडा खलबत्त्यात एकदोनदा ठेचा, पार चटणी करू नका. एका कप पाण्यात घालून झाकण ठेवून पाच-सात मिनिटे मंद आचेवर उकळा. पाणी फिक्के पिवळसर होईल आणि झाकण उचलल्यावर वाफेला वास येईल. त्या वासानेच ओकारी येत असेल तर झाकण दुसऱ्या कोणाला उचलू द्या आणि पाणी कोमट झाल्यावर घ्या. गाळून, हवे तर लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर साखर घालून, घोट घोट करत अर्ध्या तासात संपवा. एका दमात प्यायलात तर तेच उलटून पडेल. सकाळी एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा, एवढे पुरे. सुंठ घ्यायची असेल तर दिवसभरात मिळून चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट, यापेक्षा जास्त नको. तयार पुडीपेक्षा अख्खी सुंठ आणून घरी कुटलेली बरी. चुन्यात घोळवलेली पांढरीफटक सुंठ दिसायला छान असते म्हणून घेऊ नका, करड्या-पिवळसर रंगाची, मोडताना कट्कन तुटणारी घ्या. बाजारहाटाला एसटीने जावे लागत असेल आणि गाडीच्या हिसक्यांनी मळमळत असेल, तर आलेपाकाची एखादी लहान वडी तोंडात धरायला हरकत नाही, पण त्यात आल्यापेक्षा साखरच जास्त असते हे ध्यानात ठेवा.

दुधात आले घ्यावेसे वाटले तर आले आधी पाण्यात चांगले उकळून घ्या आणि मगच दूध घाला. ओल्या आल्यात दूध नासवणारे एक द्रव्य असते, ते उकळल्याने निष्प्रभ होते. चहाबद्दलही एक सांगायचे आहे. चौथा महिना लागला की तुम्हाला लोहाच्या गोळ्या सुरू होतील, आणि चहातले कषाय, म्हणजे तुरट, द्रव्य अन्नातले व गोळीतले लोह अडवून धरते. म्हणून आल्याचा असो की साधा, चहा जेवणाला आणि गोळीला लागून घेऊ नका, मध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवा. आपल्याकडे वावरात जाणाऱ्या बाया सकाळी चहा-भाकर एकत्र खाऊन निघतात आणि मग रक्त का वाढत नाही म्हणून विचारतात. मला हे दर वेळी सांगावे लागते आणि मी ते दर वेळी सांगते.

आले तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असेही काही प्रसंग आहेत. अंगावरून थोडेही रक्त जात असेल, आधीचा गर्भ पडलेला असेल, डॉक्टरांनी तुम्हाला ॲस्पिरिनची लहान गोळी दिलेली असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर पहिल्यांदा त्यांना विचारा. आल्याच्या पाण्याने छातीत जळजळ वाढली तर तुमच्यासाठी ते नाही असे समजून बंद करा. मळमळीवर डॉक्टरांकडे सुरक्षित गोळ्या आहेत, त्यांत ब-६ जीवनसत्त्वाचा समावेश असतो, आणि त्या मागण्यात कमीपणा काही नाही. बहुतेकींची मळमळ नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि चौदाव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत उतरते. तुम्ही साधारण त्या चढाच्या टोकावर आहात.

परंतु पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, दिवसातून एक-दोनदाच आणि गडद पिवळी लघवी होत असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा वजन उतरू लागले असेल, तर ती साधी मळमळ राहिलेली नाही. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना निंदणाला जाणारी एक तरुण बाई तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे आली होती. तिच्या घरी पाच दिवस आल्याचे पाणी, लिंबू, मग आंबट बोरे, असे एकामागून एक उपाय चालले होते आणि सगळेच ओकून पडत होते. तिची जीभ लाकडासारखी कोरडी झाली होती आणि हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. दोन दिवस सलाईन लावल्यावर ती उठून बसली आणि तिने वरण-भात मागितला. तिच्या घरच्यांनी हयगय केली नव्हती, उपाय करता करता दिवस गेले होते. तुम्हाला ही लक्षणे दिसली तर आशाताईला सांगा आणि १०२ ची गाडी बोलावून दवाखान्यात जा.

सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी थोडक्यात लिहिते. झिजलेल्या गुडघ्याच्या दुखण्यावर पोटात घेतलेल्या आल्याचा उपयोग होतो का, हेही तपासले गेले आहे. थोडा उतार पडतो, सर्वांना पडत नाही, आणि काहींना पोटाचा त्रास होऊन ते सोडावे लागते. लेपाने शेकल्यासारखे बरे वाटते, तो सांध्याच्या आत पोचत नाही. कातडी फुटलेली नसेल आणि आग होत नसेल तर त्यांनी तो खुशाल लावावा. वर्षानुवर्षे उकिडवे बसून निंदण आणि वाकून कापसाची वेचणी केलेल्या गुडघ्यांना सुंठीपेक्षा जास्त गुण मांडीचे स्नायू बळकट करण्याने येतो. खाटेवर बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा आणि खाली सोडायचा, असे दहादा, सकाळ-संध्याकाळ. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या तरण्या पोराचे हातपाय वारंवार ठणकत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर मात्र तिथे सुंठीचा लेप लावून वेळ घालवू नये. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक कुटुंबांत आहे आणि त्याची रक्ततपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. गरोदरपणात तुमचीही ती एकदा झालेली असावी, झाली नसेल तर मागून घ्या.

खोकल्याचा प्रश्न राहिला. "सुंठीवाचून खोकला गेला" असे आपण म्हणतो, आणि सर्दीपडशाचा खोकला खरोखरच बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. तोवर घशाला आराम देण्यासाठी तुमच्या चार वर्षांच्या मुलाला अर्धा चमचा मधात आल्याच्या रसाचे तीन-चार थेंब, रात्री झोपण्यापूर्वी, द्यायला हरकत नाही. नणंदेच्या सात महिन्यांच्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नये, आल्याबरोबरही नाही आणि नुसता बोटावरही नाही. मधात एका जिवाणूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून त्यांचे विष तयार होते आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. हे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतते. आल्याचा रसही एवढ्या लहान जिवाला नको, त्याला आईचे दूध वरचेवर पाजणे आणि नाक मोकळे ठेवणे हाच आधार. बाळ धापा टाकत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा दूध ओढत नसेल तर ताबडतोब दवाखाना. आणि घरात कोणाचाही खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर काढा बाजूला ठेवून क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. तपासणी आणि उपचार दोन्ही सरकारी केंद्रात मोफत आहेत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गर्भवतींची मोफत तपासणी असते. येत्या ९ तारखेला तुम्ही यजमानांसोबत जाणारच असाल, तर सासऱ्यांनाही बरोबर घ्या, त्यांचा रक्तदाब तिथेच मोजून होईल. पिशवीत त्यांच्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या घाला आणि तो काढ्याचा पेलाही घाला, म्हणजे किती घेत होते ते डॉक्टरांना डोळ्यांनी दिसेल. त्यांच्या गोळीचा फोन मात्र ९ तारखेपर्यंत थांबवू नका, तो आजच व्हायला हवा. त्या दिवशी तुमचे वजन किती भरले आणि आल्याच्या पाण्याने मळमळ किती उतरली, हे मला अवश्य कळवा.